पेटीची मागची बाजू

गाव कुठलं असं कोणी विचारलं आणि मी "मांडवा" म्हटलं, की समोरच्याचा लगेच घोगऱ्या आवाजातला विजय दीनानाथ चव्हाण होतो. आता सवय झाली आहे. पण 'अग्निपथ'ची एक गंमत फार जणांना ठाऊक नसते. १९९० साली तो लागला तेव्हा अमिताभचा मुद्दाम बदललेला आवाज ऐकून लोकांना वाटलं, थिएटरच्या स्पीकरमध्येच काहीतरी बिघाड आहे. शेवटी तो नेहमीच्या आवाजात पुन्हा डब करावा लागला. तिथे बिघाड नसताना लोकांना ऐकू आला. आमच्या घरी उलटं झालं. बिघाड होता, पण कुठे ते कळायला मार्ग नव्हता.

त्याचं असं झालं. बाबांनी २००९ साली हौसेने होम थिएटरचा रिसीव्हर घेतला होता. गेटवेहून लाँचने, मांडीवर खोकं ठेवून आणला. बाबा आता नाहीत. आईला कमी ऐकू येतं. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरमधून तिला नुसता कालवा ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. रिसीव्हरचा मधला स्पीकर मात्र मुख्यतः संवादांसाठीच असतो, त्यामुळे तिला मालिका नीट कळायच्या. यंदा गणपतीला गेलो तर टीव्ही काळाठिक्कर आणि मुका.

"अरे, महिना झाला. तुला कशाला उगाच घोर, म्हणून नाही बोलले."

महिनाभर आई संध्याकाळी नुसती ओटीवर बसून होती. मग मी बाह्या सरसावल्या.

पेटी फिरवली आणि मागची बाजू बघत बसलो. तुम्ही कधी बघितली आहे का हो नीट? तिथे शंभर वर्षांचा इतिहास भोकाभोकांनी मांडून ठेवलेला असतो. मी तो जुन्याकडून नव्याकडे तपासत गेलो.

सगळ्यात जुनी जागा एरियलची. २३ जुलै १९२७ ला मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. पुढे कित्येक वर्षं रेडिओ बाळगायलाही लायसन्स लागायचं, पोस्टात फी भरावी लागायची. मी एफएम लावलं. खाडीपलीकडून मुंबई खणखणीत आली. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठणठणीत.

त्यानंतरची लाल, पांढरी आणि पिवळी भोकं. ही आरसीए या अमेरिकन कंपनीची देणगी, आधी ग्रामोफोन रेडिओला जोडण्यासाठी आलेली. लाल म्हणजे उजवा आवाज, पांढरा डावा, पिवळं चित्र. बाबांचा जुना सीडी प्लेयर लाल-पांढऱ्याला लावला. गाणं सुरू! म्हणजे इथपर्यंतही सगळं ठीक.

या वायरींचा एक मोठा गुण होता. बिघाड आपला आपण बोलायचा. उजवा स्पीकर बंद, तर लाल वायर हलवा. चित्र गेलं आणि आवाज आहे, तर पिवळी बघा. त्याच्याही आधी, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतर, किनाऱ्यावरच्या घरांचे अँटेना समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. वारं सुटलं की चित्रात मुंग्या. बाबा कौलांवर, मी खिडकीत, आई टीव्हीपुढे. "आलं का?" "नाही, अजून जरा डावीकडे!" सातवी नापास माणसालाही तो बिघाड दुरुस्त करता यायचा.

मग शेवटची चपटी भोकं, एचडीएमआय. डिसेंबर २००२ मध्ये हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज अशा सात कंपन्यांनी मिळून हे आणलं. चित्र, आवाज, सगळं एकाच वायरीत. मागचा गुंता गेला, सोय झाली यात वाद नाही. पण आत १९ पिना असतात आणि चित्र दिसण्याआधी त्यांच्यात मोठी बोलणी होतात. टीव्ही पाच व्होल्ट मिळाल्यावर "मी आहे" म्हणून सांगतो. मग मला काय काय दाखवता येतं त्याची यादी देतो. मग चोरून कॉपी होऊ नये म्हणून दोघं एकमेकांच्या गुप्त किल्ल्या तपासतात. यातलं एक जरी अडलं तरी बहुधा सगळंच बंद. मुंग्या नाहीत, खरखर नाही. काळा पडदा. लग्नाच्या बैठकीतून उठून गेलेल्या व्याह्यांसारखं, कशावरून बिनसलं ते कोणी सांगत नाही!

मी वायर बदलली. दुसरं भोक वापरलं. सगळ्याचे प्लग काढून अर्धा तास थांबलो. सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला लावला तर चित्र स्वच्छ. म्हणजे दोष पेटीतल्या एचडीएमआयच्या बोर्डातच.

अलिबागला एका दुरुस्तीवाल्या दादांकडे पेटी नेली. त्यांनी उघडून दाखवली. काही सांध्यांवर खाऱ्या हवेची हिरवट बुरशी आणि गरम होणाऱ्या चिपजवळचे दोन बारके कपॅसिटर फुगलेले. हे कपॅसिटर उष्णतेने आतून सुकत जातात. उष्णता दहा अंशांनी वाढली की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यांनी दोन्ही बदलले, बोर्ड घासून पुसून दिला. घरी येऊन लावलं, चित्र आलं. आईने तेवढ्यात लाडू आणून ठेवला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा काळोख.

"साहेब, चिपच गेली असणार. ती हाताने नाही बसवता येत," दादा म्हणाले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. तो बोर्ड आता येत नाही, नवीन पेटी घ्या. जुन्या रेडिओच्या आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा, उघडणारा माणूस तो दुरुस्त करणार हे गृहीत धरून. आता गृहीत धरलेलं असतं की तो फेकून देणार.

रात्री पुन्हा मागची बाजू बघत बसलो आणि एक भोक दिसलं, ज्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ऑप्टिकल. १९८३ साली तोशिबाने सीडी प्लेयरसाठी काढलेलं. यात तांब्याची तार नाही, पारदर्शक दोरीतून लाल प्रकाश जातो आणि आवाज त्यातून. किल्ल्यांची बोलणी नाहीत. टीव्हीच्या मागेही तेच भोक होतं! बॉक्स थेट टीव्हीला लावला, चित्र तिथेच राहू दिलं, आणि फक्त आवाज प्रकाशाच्या वाटेने बाबांच्या पेटीत आणला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज बाहेरच्या स्पीकरला दिला.

मधला स्पीकर बोलू लागला. आई म्हणाली, "हां, आता कळतंय काय म्हणतेय ती." बस्स.

बोर्ड मेला तो मेलाच. पण कोणीतरी नवीन दार बसवताना जुनी दारं बुजवली नव्हती, म्हणून पेटी वाचली. नव्या पेट्यांवर ही भोकं कमी होत चालली आहेत. एस-व्हिडिओ तर आता जवळजवळ दिसतच नाही. मागची बाजू सुटसुटीत दिसते खरी, पण प्रत्येक भोकाबरोबर घरच्या माणसाला शोधता येणारी एक वाटही जाते.

असो. तुमच्याही घरी अशी एखादी मुकी झालेली पेटी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा तिची मागची बाजू बघा. आणि आई-बाबांना विचारा, काही बंद तर पडलं नाही ना. ते आपणहून सांगत नाहीत.