सातव्या रकान्यापासून

माझी भाची पॉलिटेक्निकला 'सी' शिकली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' तिला जवळजवळ पाठ. पण नोकरीच्या परीक्षेला पायथन लागते, असं कळलं. पंधरा दिवसांतच चौक मंडईतल्या आमच्या घरी येऊन ती म्हणाली, "मामू, जमत नाही. मी परीक्षेला जात नाही."

मी साधा बी. ए., कविता लिहिणारा. पण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणं मला ठाऊक आहे. आमच्या घरात दखनी. पहिलीत गुरुजी म्हणाले, "खाली बघ." घरी खाली म्हणजे रिकामं! मी वर्गभर रिकामी जागा शोधत राहिलो. अनोळखी शब्दांनी मला कधी एवढं फसवलं नाही.

असं भाषांतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही घडलं. तिथं बनवलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्ण क्षमतेनं चालू झाला. सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूबांचं ते धूड. त्याला यंत्राच्याच सांकेतिक आज्ञा द्याव्या लागत. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेचा सीडीसी ३६०० आला, आणि त्याबरोबर फोरट्रान. जुन्या आज्ञा बाजूला ठेवून नवी भाषा शिकणं आलं.

फोरट्रानची एकेक ओळ छिद्रं पाडलेल्या कार्डावर. कार्डाला ८० रकाने; आज्ञा सातव्या रकान्यापासून बहात्तराव्यापर्यंतच. एक स्वल्पविराम चुकला तरी गठ्ठा परत येई आणि पुन्हा पाळीची वाट पाहावी लागे. म्हणून कार्ड देण्याआधी माणसं पेन्सिल घेऊन प्रोग्राम ओळ न ओळ वाचत.

आता चूक क्षणात पडद्यावर येते. भाची ती न वाचताच खिडकी बंद करायची! मी म्हटलं, "आधी शेवटची ओळ वाच." पायथनमध्ये चुकीचा प्रकार बहुधा तिथंच लिहिलेला असतो, त्याच्या वरच्या ओळींत ठिकाण असतं. इंग्रजीची धास्ती होती, पण पायथनचे राखीव शब्द पस्तीसच्या आसपास. पहिलीच्या बालभारतीत याहून जास्त शब्द असतील.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं नाही, असं आम्ही ठरवलं. तिनं 'सी'मध्ये लिहिलेला वीजबिलाचा प्रोग्राम घेतला. तोच हिशेब पायथनमध्ये करायचा, आणि कळ दाबण्याआधी उत्तर वहीत लिहायचं. सातला दोननं भागलं. तिनं लिहिलं ३. पडद्यावर आलं ३.५. 'सी'मध्ये पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळतो, आजच्या पायथनमध्ये गळत नाही. चिन्ह तेच, अर्थ वेगळा. तिनं वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात शीर्षक दिलं : 'खाली'. त्याखाली ही पहिली नोंद. दुसरी, ओळीआधी सोडलेल्या जागेची. 'सी'त ती नुसती टापटीप. पायथनमध्ये तिच्यावरच अर्थ ठरतो. सातव्या रकान्याची ही दूरची नात म्हणायची!

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये मराठीतून ऐकता येणारे छोटे धडे आहेत. थोडं ऐकायचं, थांबवायचं, स्वतः करून पाहायचं. नुसतं ऐकत बसलं की सगळं येतंय असं वाटतं. मुशायऱ्यातल्या श्रोत्यालाही तसंच वाटतं.

'खाली'च्या पानावर आता अकरा नोंदी आहेत. परीक्षेचा अर्ज तिनं कालच भरला.