दिनविशेष : १८ डिसेंबर
न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९२२ साली आजच्या दिवशी जन्मलेल्या एस्थर लेडरबर्ग या विदुषीने, विस्कॉन्सिन विद्यापीठात पती जोशुआ यांच्यासमवेत संशोधन करीत असता, मखमलीच्या एका तुकड्याने सूक्ष्मजीवशास्त्रातील मोठ्या वादाचा निकाल लावला. प्रतिजैविकांस दाद न देणारे जंतू त्या औषधाच्या संसर्गाने तसे बनतात, की मुळातच तसे असतात, हा तो वाद. गोल ठोकळ्यावर ताणून बसविलेली निर्जंतुक मखमल जंतूंनी भरलेल्या बशीवर अलगद दाबावयाची, आणि तिच्या लवेला चिकटलेले जंतू त्याच मांडणीत स्ट्रेप्टोमायसिनयुक्त बशीवर उमटवावयाचे, अशी ही पद्धत. या दुसऱ्या बशीत जेथे जंतू तगले, मूळ बशीतील नेमक्या त्याच जागेवरून पुनःपुन्हा वेचलेली त्यांची भावंडे औषधाचा स्पर्शही न होता प्रतिकारक्षम निघाली, आणि औषध प्रतिकार उत्पन्न करीत नसून केवळ निवड करते, हे १९५२ साली सप्रमाण सिद्ध झाले. लॅम्डा हा जीवाणुभक्षक विषाणूही एस्थर यांनीच शोधिला. तरीही १९५८ च्या नोबेल पारितोषिकाच्या दप्तरी या दांपत्यापैकी पतीचेच नाव दाखल झाले, हा अन्याय आम्हांस आजही सलतो. पुढे स्टॅनफर्ड येथील प्लास्मिड संदर्भ केंद्राचा कारभार एस्थर यांनी अनेक वर्षे सांभाळला.