आवरण आणि प्रकटन: ‘ख्रिस्तपुराणा’च्या निमित्ताने

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे भालचंद्र गणपतीचे स्थान आहे. ‘भालचंद्र’ या नामामागची पुराणकथा सर्वपरिचित आहे. गणेशाला हसलेल्या चंद्राला अदर्शनाचा शाप मिळाला, देवांच्या विनवणीने तो चतुर्थीपुरता मर्यादित झाला आणि पुढे गणेशाने त्याच चंद्राला कपाळी धारण केले. या कथेत दृष्टीआड होतो तो अपराधी. देव मात्र दर्शन देणारा आहे. याउलट ज्या धर्मग्रंथात देव स्वतःच आपले मुख झाकून घेतो, तो ग्रंथ मराठीत उतरू लागला तेव्हा त्याला कोणती भाषा उपलब्ध होती, आणि त्या भाषेने त्याचे काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ख्रिस्ती शास्त्रात गुप्तता आणि प्रकटन यांचे नाते विलक्षण गुंतागुंतीचे आहे. निर्गमाच्या पुस्तकात मोशे देवाचे तेज पाहू इच्छितो, तेव्हा देव त्याला खडकाच्या कपारीत उभे करून आपल्या हाताने झाकतो आणि केवळ पाठमोरे दर्शन घडवतो. यशया संदेष्टा इस्राएलच्या तारणाऱ्या देवाला, तो तारणारा असतानाच, स्वतःला लपवणारा म्हणतो. मार्ककृत शुभवर्तमानात येशू दृष्टांत सांगतो ते सर्वांना उमजावे म्हणूनच असे नाही. बाहेरच्यांपासून काही झाकले जावे, असाही त्यांचा हेतू दिसतो. लूकच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य पुनरुत्थित येशूबरोबर चालतात, पण त्याला ओळखत नाहीत. भाकर मोडताना ओळखतात आणि त्याच क्षणी तो अदृश्य होतो. येथे ओळख आणि अदर्शन एकाच घटनेची दोन अंगे आहेत. झाकणे हा प्रकट होण्याचाच एक प्रकार आहे, असे या परंपरेचे म्हणणे दिसते.

ग्रीक ‘अपोकालिप्सिस’ आणि लॅटिन ‘रेवेलातिओ’ या दोन्ही शब्दांचा मूलार्थ आच्छादन दूर करणे असा आहे. मराठी बायबलातील शेवटच्या पुस्तकाचे नाव मात्र ‘प्रकटीकरण’ आहे. या शब्दात पडदा नाही; गुप्त असलेले दृश्यमान होणे एवढाच अर्थ आहे. हा अनुवादकाचा दोष मानण्याचे कारण नाही. प्रत्येक भाषा आपापल्या रूपकांतून विचार करते, आणि ‘देव प्रकटला’ हे मराठीला शतकानुशतके परिचित असलेले बोलणे आहे. परंतु पडद्याचे रूपक वगळले की पडदा कोणी घातला, हा प्रश्नही मागे पडतो.

या प्रश्नाची मराठीतील उत्तरे बीड जिल्ह्याच्या परिसरापासूनच शोधता येतात. अंबाजोगाईशी ज्याचे नाव परंपरेने जोडले जाते त्या मुकुंदराजाचा ‘विवेकसिंधु’ शांकर अद्वैताच्या वाटेने जातो. तेथे ब्रह्म लपलेले नाही. जिवाच्या अविद्येमुळे ते दिसत नाही, आणि ज्ञानाने अविद्या निरसली की पाहणारा व पाहिले जाणारे हा भेदच उरत नाही. म्हणजे आवरण पाहणाऱ्याच्या बाजूला आहे. महानुभाव विचार याहून वेगळा आहे. त्यानुसार परमेश्वर स्वतः मनुष्यवेष स्वीकारतो. अवतारात पर शक्ती प्रकट आहे की अवर, की दोन्ही, यावरून परदृश्य, अवरदृश्य व उभयदृश्य असे भेद केले जातात. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू लोकांच्या नजरेला वेडे वाटत, आणि म्हाइंभटाने त्यांच्या लीळा नोंदवताना ते वेडेपण गाळले नाही. वेडेपणाआड वावरणाऱ्या या ईश्वराचे, वधस्तंभाच्या मूर्खपणात दडलेल्या देवाच्या शहाणपणाविषयी पौलाने करिंथकरांना जे लिहिले त्याच्याशी असलेले साम्य लक्षणीय आहे. प्रभावाचा पुरावा म्हणून हे साम्य मांडायचे नाही. मराठीत या अनुभवाला जागा होती, एवढेच त्यातून सिद्ध होते.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये निधन पावला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत: पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते, दुसऱ्यात येशूचे चरित्र. जे दीर्घकाळ झाकलेले होते ते इतिहासात उघड होते, हा शास्त्रातील क्रमच येथे पुराणाची रचना ठरतो.

परंतु या पुराणाच्या आरंभीच एक अस्वस्थ करणारा प्रसंग आहे. नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि हिंदू धर्मग्रंथांवर बंदी होती. ज्या सत्तेच्या छायेत एक ग्रंथ प्रकट झाला, त्याच सत्तेने दुसरे ग्रंथ दडवायला लावले. स्टीफन्सने हा प्रश्न गाळला नाही, यात त्याची प्रामाणिकता आहे. पण ‘ख्रिस्तपुराणा’चे केवळ भाषाप्रेमासाठी कौतुक करणाऱ्या आपल्या समीक्षेने तो प्रश्न फारसा ऐकलेला नाही. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या कथांची रोमन लिपीत उतरवलेली हस्तलिखिते सापडली. येथे वर्ज्य ठरलेले साहित्य वर्ज्य करणाऱ्यांच्या संग्रहात जपले गेले, ही इतिहासाची आणखी एक वक्रगती होय.

पुढे ‘ख्रिस्तपुराण’ही आवरणाखाली गेले. देवनागरी मुद्रणाची सोय नसल्याने ते रोमन लिपीत छापले गेले होते, म्हणून गोव्याबाहेरच्या मराठी वाचकाला ते दुर्गम राहिले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरहून रोमन लिपीतील आवृत्ती काढली, आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती आली ती १९५६ मध्ये, म्हणजे पहिल्या मुद्रणानंतर ३४० वर्षांनी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत जाणीवपूर्वक झाकले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी तिची उकल केली. एकीकडे लिपी ही पंथाने निवडलेली कवाडे होती, दुसरीकडे छापखान्याची अगतिकता. परिणाम मात्र सारखाच झाला. मराठी वाङ्मयेतिहासाचे हे दोन मोठे प्रवाह लिपीच्या पडद्याआड राहिले, आणि त्यांच्यावाचून लिहिलेला इतिहास आपण दीर्घकाळ पूर्ण मानला.

शब्दांचे आवरण तर याहून सूक्ष्म असते. स्टीफन्सने ख्रिस्ती स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला. तीन शतकांनी पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचे भाषांतर करताना, वेदान्ताचा अर्थ सोबत आणणारे शब्द टाळून साध्या मराठीचा आग्रह धरला. ते संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाला परिचित शब्द हे दार वाटले, दुसरीला तोच पडदा वाटला. दोघांनाही मराठीतच बोलायचे होते.

या दोन भूमिकांपैकी एकीची निवड करणे हे समीक्षेचे काम नव्हे. शब्द जे दाखवतो त्याच्याबरोबर काय झाकतो, आणि ते झाकणे कोणाच्या हातून घडते, हे तिने पाहावे. लिंबागणेशच्या गणेशाने शाप दिलेल्या चंद्राला दूर लोटले नाही. त्याला कपाळी घेऊन त्याचे नावही आपल्या नावात सामावून घेतले. आपल्या वाङ्मयेतिहासाला दृष्टीआड राहिलेल्या ग्रंथांविषयी एवढे औदार्य दाखवणे अजून बाकी आहे.