खाराचे कुळ

बुलढाणा जिल्ह्यात खार हा शब्द दोन टोकांस नांदतो: उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या तालुक्यांतील खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी मचूळ लागते, आणि दक्षिणेस लोणारच्या सरोवरात, जेथे उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर पांढरा थर धरतो. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी या लोणारी खाराची जातवार नावे आहेत. काच व साबण यांची सामग्री लोणारला मिळते आणि सरकारास त्यापासून चांगला महसूल येतो, अशी नोंद अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’त केली आहे.

हा खार म्हणजे संस्कृत ‘क्षार’, आणि त्याचा धातू ‘क्षर्’, म्हणजे झरणे, पाझरणे. वनस्पती जाळावी, राख पाण्यात कालवून गाळावी आणि ते पाणी आटवावे, हा क्षारपाकाचा विधी सुश्रुताने सविस्तर सांगितला आहे. त्यामुळेच प्राकृतातून उतरताना या शब्दाचे एक रूप हिंदीत ‘छार’ होऊन राखेचे वाचक झाले, तर मराठीत ‘खार’ पापडखारात आणि लोणच्याच्या रसात स्थिरावला.

उच्चाराने याच्याशी जुळणारे शब्द मात्र परक्या घरचे आहेत. फारसीत खार म्हणजे काटा. एखाद्यावर खार खाणारा मनुष्य मीठ नव्हे, हा काटाच मनात बाळगतो. मंगोल भाषेत खार म्हणजे काळा, आणि तेथील ‘खार-ऊस नूर’ हे काळ्या पाण्याचे सरोवर होय. आपली झाडावरची खार तर स्त्रीलिंगी, म्हणून व्याकरणानेच वेगळी पडते.

उलट अरबी ‘अल्-कली’ ध्वनीने कितीही दूर असला, तरी त्याचा मूळ अर्थ खारट भूमीतील वनस्पती जाळून केलेली राख असाच आहे, आणि युरोपीय रसायनशास्त्राने अल्कली ही संज्ञा तेथूनच उचलली. ज्या दोन भाषाकुळांचा परस्परांशी रक्तसंबंध नाही, त्यांनी एकाच भट्टीपाशी बसून एकच अर्थ घडवावा, हे मला ध्वनिसाम्याहून अधिक मोलाचे वाटते; कारण ध्वनी योगायोगाने जुळतो, अर्थ मात्र माणसाच्या श्रमातून जुळतो. म्हणूनच शब्दांची कुळे शोधणाऱ्याने कोशाइतकाच कारागिराचा हात पाहावा, आणि दल्ला, खुप्पल, भुसकी हे लोणारचे शब्द त्यांच्या अर्थासह, कृतीसह टिपून ठेवावेत.