पाना कोणाच्या खिशात? : सायकलस्वाराच्या हत्याराचा प्रवास

सायकलच्या इतिहासावर लिहिणारे बहुधा चाक, टायर, साखळी आणि गिअर यांच्या शोधांविषयी लिहितात. सायकल वाटेत बिघडली तर ती उघडायची कशाने, या प्रश्नाला त्या लेखनात फारशी जागा मिळत नाही. जुन्या बाजारातून सायकलची हत्यारे जमवताना आणि ती कोणत्या नटाला बसतात हे पडताळून पाहताना माझ्या मनात एक विचार पक्का होत गेला. पान्याचे माप नट ठरवतो. पण तो पाना सायकलस्वाराच्या खिशात राहणार की दुकानदाराच्या पेटीत, हे रस्ता, मजुरी आणि बाजार ठरवतात. आपल्याकडे हा पाना एकदा स्वाराच्या हातून सुटला आणि आता घडीच्या ‘मल्टिटूल’च्या रूपाने पुन्हा त्याच्याकडे येऊ पाहतो आहे. त्याची निवड कशी करावी, हा प्रश्नही या इतिहासाच्या उजेडात पाहिला तर बराच सोपा होतो.

गोंद की बोल्ट?

1885 मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही सायकल आणली. दोन जवळजवळ सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळीने दिलेली गती, ही आजच्या सायकलची ठेवण तिच्यापासून रूढ झाली. 1888 मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. प्रवास मऊ झाला, पण त्याबरोबर पंक्चर नावाचे नवे संकटही आले. डनलॉप यांचा सुरुवातीचा टायर धावेला कापड गुंडाळून चिकटवलेला असे. भोक बुजवायचे तर आधी ते सगळे सोडवायचे, मग ठिगळ लावायचे आणि पुन्हा चिकटवून गोंद वाळेपर्यंत थांबायचे. हे काम रस्त्याच्या कडेला बसून होण्यासारखे नव्हते.

फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ येथील मिशलँ बंधूंच्या कारखान्यात असाच एक पंक्चर झालेला टायर दुरुस्तीला आला. तो सोडवायलाच काही तास गेले आणि सुकायला रात्र गेली. त्यातून त्यांनी 1891 मध्ये चाकावरून काढता-घालता येणारा टायर तयार केला. तो गोंदाने नव्हे, तर बोल्टांनी धरून ठेवलेला असे. त्याच वर्षी सप्टेंबरात पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ या स्वाराने ती या टायरवर जिंकली. त्या विजयाची जाहिरात टायरच्या नावाने झाली. मला मात्र त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. दुरुस्ती कारखान्यातून रस्त्यावर आली आणि सायकलस्वाराला हत्यार जवळ बाळगण्याचे कारण मिळाले.

एका मापाचे आटे

हत्यार जवळ असून भागत नाही. ते सायकलवरच्या अनेक नटांना बसले पाहिजे. सुरुवातीच्या काळात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. 1902 मध्ये इंग्लंडातील सायकल इंजिनिअर्स इन्स्टिट्यूटने सायकलच्या आट्यांची मापे ठरवून दिली. इंचाला 26 आटे, हे त्यातले मुख्य प्रमाण. बी.एस.ए.सारखा कारखाना सायकलचे सुटे भाग इतर सायकल बांधणाऱ्यांना विकत असे. त्यामुळे नाव वेगळे असले तरी आतले सांधे ओळखीचे असत.

या सारखेपणावरच सायकलस्वाराचे पहिले ‘अनेक कामांचे एक हत्यार’ उभे राहिले. दोन टोकांना दोन गोळे आणि प्रत्येक गोळ्यात वेगवेगळ्या मापांची षट्कोनी भोके, असा हा डंबेलच्या आकाराचा पाना. आजही तो मिळतो आणि त्यात बहुधा 6 ते 15 मिलिमीटरपर्यंतची दहा मापे असतात. त्याला हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे बिघडण्यासारखे काही नाही. दोष आहेत ते असे, की गोळा जाड असल्याने अडचणीच्या जागी शिरत नाही आणि स्वस्त पान्याची भोके सैल असल्याने नटाचे कोपरे झिजतात. दुसरे हत्यार म्हणजे स्क्रूने जबडा कमी-जास्त होणारा छोटा पाना. हे पाने, तेलाची कुपी, टायर काढायच्या पट्ट्या आणि ठिगळाचे सामान अशी चामड्याची पिशवी सीटच्या मागे लटकत असे. जुन्या विलायती सायकलीच्या सीटखाली त्या पिशवीच्या पट्ट्यांसाठी ठेवलेल्या कड्या अजून दिसतात.

भात्याचा दंड

स्वतःची सायकल स्वतः दुरुस्त करणे हे कौशल्य होते, पण काही ठिकाणी तो कायदाही होता. टूर द फ्रान्स शर्यतीच्या सुरुवातीच्या दशकांत स्वाराने दुसऱ्याची मदत न घेता दुरुस्ती करावी, असा नियम होता. 1913 मध्ये पिरेनीज पर्वतातील तुर्माले घाट उतरताना युजेन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरहून अधिक चालत सांत-मारी-द-काँपाँ या गावी पोहोचला. तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः फोर्क सांधला. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. दोन्ही हात कामात असल्याने भाता एका मुलाने हलवला आणि तेवढ्या मदतीबद्दल क्रिस्तोफला 10 मिनिटांचा दंड झाला. पुढे तो 3 मिनिटांवर आणला गेला, पण काही तास आधीच गेले होते आणि जिंकण्याची संधीही गेली होती.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. हत्यारांच्या अंगाने पाहिले तर तिचा अर्थ थोडा निराळा लागतो. नट सैल होणे, साखळी तुटणे, टायर फुटणे हे खिशातल्या हत्याराचे प्रांत. धातू मोडला की लोहाराची भट्टीच लागते. खिशातल्या हत्याराची ही सीमा आजही बदललेली नाही.

बेळगावचे दुकान, मुंबईचे प्रवासी

आपल्याकडे सायकल आली ती महागडी विलायती वस्तू म्हणून. 1888 मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत, लोकांना चालवायला शिकवीत. पुढे याच बंधूंनी लोखंडी नांगर काढला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगातले एक मोठे घराणे सायकलच्या दुकानातून निघाले, हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. सर्वसामान्य माणसाला नट, आटे, छर्रे आणि साखळी उघडून पाहता येईल, अशी यंत्रे त्या काळी फार नव्हती. सायकल हे त्यांपैकी एक होते.

15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे 44,000 मैलांचा प्रवास पुरा करून मार्च 1928 मध्ये परतले. इराण, सीरियाचे वाळवंट, सिनाई अशा वाटेवर सायकलचे दुकान शोधायला जाणार कुठे? अशा प्रवासात हत्यारांची पिशवी ही पाण्याच्या पिशवीइतकीच गरजेची.

पाना नाक्यावर गेला

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मद्रासजवळ टी.आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला ॲटलस, लुधियानाला एव्हन आणि 1956 पासून हिरो, अशा कारखान्यांमुळे सायकल दूधवाल्याच्या, गिरणीकामगाराच्या, शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली. त्याबरोबर प्रत्येक नाक्यावर सायकलचे दुकान आले. एक पंप, पाण्याची घमेली, कानस, सोल्युशनची ट्यूब, हातोडी, पक्कड आणि पान्यांचा डबा एवढ्यावर ते चालत असे. मजुरी स्वस्त आणि दुकान हाकेच्या अंतरावर, मग सीटमागची पिशवी कशाला हवी? ती गेली आणि स्वाराच्या हातचे कौशल्यही दुकानात गेले.

या दुकानदारांनी आपली स्वतंत्र रीत घडवली. काळ्या सायकलला मागचे चाक काढायचे म्हणजे चेनकव्हर, मडगार्ड, स्टँड आणि ब्रेकच्या सळ्या यांच्याशी झुंज. म्हणून ते चाक न काढताच टायरची एक बाजू धावेबाहेर काढतात, तेवढ्यातून ट्यूब ओढून पाण्यात बुडवतात, बुडबुडा दिसला की ती जागा कानशीने घासून ठिगळ लावतात. मिशलँ बंधूंनी बोल्टांनी सोडवलेला प्रश्न आपल्या कारागिरांनी पान्याला हात न लावता सोडवला.

बाहेर आलेले डोके आत गेले

मल्टिटूलची गोष्ट सायकलपासून दूर, अमेरिकेतील कारखान्यांत सुरू होते. फिरत्या दांड्यांवरचे चाक पक्के करणाऱ्या स्क्रूचे डोके बाहेर आलेले असे. त्यात कामगाराचे कपडे अडकून अपघात होत. डोके बाहेर न ठेवता स्क्रूच्या आतच षट्कोनी खाच ठेवायची, ही त्यावरची तोड होती. हार्टफर्डच्या विल्यम ॲलन यांनी अशी खाच पाडण्याच्या पद्धतीचे पेटंट 1910 मध्ये घेतले आणि त्यांच्या नावाने ‘ॲलन की’ रूढ झाली. सायकल बनवणाऱ्यांना पुढे तिचे दुसरे गुण दिसले. डोके लहान, वजन कमी आणि चावी म्हणजे फक्त एक बारीक सळी. शर्यतीच्या सायकलींवर असे बोल्ट वाढत गेले.

1970च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून पळवू लागले. त्यातून माउंटन बाइक जन्मली आणि 1981 मध्ये ‘स्टम्पजंपर’ ही तिची कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली आवृत्ती बाजारात आली. आता स्वार पुन्हा दुकानापासून दूर होता आणि त्याच्या सायकलचे बहुतेक बोल्ट बारीक सळीने उघडत होते. अशा सळ्या चाकूच्या पात्यांसारख्या एका मुठीत दुमडता येतात. रस्ता निर्जन झाला, बोल्ट बदलले आणि मल्टिटूल खिशात आले.

निवड करताना

या इतिहासातून निवडीचा पहिला नियम निघतो : हत्यार पाहण्याआधी आपली सायकल पाहा. कागद घेऊन तिच्यावरचे नट-बोल्ट मोजा. गिअरच्या आधुनिक सायकलवर सीट, हँडल आणि ब्रेक यांना बहुधा 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या ॲलन की लागतात. बारीक स्क्रूंना 2, 2.5 आणि 3. डिस्क ब्रेकच्या तबकडीचे स्क्रू पुष्कळदा टी-25 या ताऱ्याच्या खाचेचे असतात. गिअर जुळवायला एक चौफुली स्क्रूड्रायव्हर हवा. गिअरची साखळी तुटली तर तिची पिन ढकलणारे चेनटूल लागते. साध्या सायकलला त्याची गरज बहुधा नसते. तिथे चेनलॉकची क्लिप पकडीने निघते.

दुसरी गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची. भारतात विकल्या जाणाऱ्या असंख्य सायकलींची चाके अजून नटानेच बसवलेली असतात आणि तो नट बहुधा 14 किंवा 15 मिलिमीटरचा असतो. बहुतेक महागड्या मल्टिटूलांमध्ये हा पाना नसतोच. अठरा कामांचे हत्यार खिशात असूनही अशा सायकलचे चाक काढता येत नाही. अशा स्वाराने छोट्या मल्टिटूलबरोबर 15 चा एक साधा पाना ठेवावा. काळ्या सायकलवाल्याला तर चांगल्या घडणीचा डंबेल पाना आणि पक्कड पुरेशी.

तिसरे, हत्याराची लांबी. आखूड मुठीने हँडलचा बोल्ट नीट आवळता येतो, पायडल मात्र सुटत नाही. ते काम घरच्या लांब पान्याचे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हेही लक्षात ठेवावे. कार्बनच्या भागांवर तर आखूड मुठीनेही बेतानेच जोर लावावा. आणि मल्टिटूलने पंक्चर निघत नाही. टायरच्या पट्ट्या, ठिगळ किंवा जादा ट्यूब आणि पंप हे त्याचे अविभाज्य सोबती.

शेवटचे, वापर. नवे हत्यार घरीच एकदा प्रत्येक बोल्टला लावून पाहावे. काही जागी मूठच आडवी येते. ॲलन की खाचेत पूर्ण बसल्याशिवाय फिरवू नये, खाच गोल झाली की बोल्ट कायमचा अडकतो. चेनटूलने पिन पूर्ण बाहेर काढू नये, ती पुन्हा बसवणे फार कठीण. चाकाचा आउट काढताना स्पोकचे निप्पल एका वेळी पाव फेराच फिरवावे.

नाक्यावरची जुनी दुकाने एकेक करून बंद होत आहेत, आणि जी आहेत त्यांतल्या अनेकांच्या डब्यात टी-25 नाही. दुसरीकडे नव्या सायकलस्वारांना आपल्या चाकाच्या नटाचे माप ठाऊक नाही. या दोघांच्या मधल्या पोकळीत एक कौशल्य हरवण्याची भीती आहे. ते टिकवायला फार काही लागत नाही. योग्य मापाची चार-दोन हत्यारे, रविवारची एक सकाळ आणि शक्य झाले तर नाक्यावरच्या कारागिराशेजारी बसून त्याचे हात पाहण्याची तयारी असली की पुरते.