संकासुर उद्या परत येणार आहे

लहानपणी 'रोल नंबर २१' बघितलं असेल, तर कनिष्क तुम्हाला नक्की आठवत असेल. मथुरा अनाथाश्रमाचा मुख्याध्यापक, मागच्या जन्मीचा कंस. त्याच्याच आश्रमात क्रिस नावाचा पोरगा, म्हणजे अर्थात कृष्ण. कनिष्क दर एपिसोडला क्रिसचा काटा काढायचा नवा बेत रचतो, दर एपिसोडला तोंडावर आपटतो, आणि पुढच्या एपिसोडला पुन्हा आपल्या खुर्चीत हजर. पुराणातल्या कृष्णानं कंसाला एकदा मारलं आणि विषय संपला. कार्टून नेटवर्कवर मात्र २०१० पासून तो काही मरायला तयार नव्हता.

का मरत नाही तो?

सोपं उत्तर पैशाचं आहे. ॲनिमेशनमध्ये एक पात्र उभं करायचं म्हणजे त्याचा चेहरा, चाल, आवाज, पाठीमागची खोली, सगळं एकदा खर्च करून तयार करायचं. ते पहिल्याच एपिसोडला मारून टाकणं कुठल्या निर्मात्याला परवडेल? शिवाय चॅनल मुलांचं, तिथे मृत्यू दाखवताना दहा वेळा विचार करतात. हे सगळं खरंच आहे. पण एवढ्यानं मला पुरत नाही. कारण विनोदी सुपरहिरो मालिका नुसता व्हिलनला जिवंत ठेवत नाहीत, त्याला घरातल्यासारखं वागवतात.

'पॉवरपफ गर्ल्स' (१९९८) मधला मोजो जोजो घ्या. तो प्रोफेसरच्या प्रयोगशाळेतला माकड. त्याच्याच धक्क्यानं केमिकल एक्स सांडलं आणि त्या तिघी मुली जन्माला आल्या. त्याच अपघातात त्याचा मेंदू वाढला. मग प्रोफेसरचं सगळं लक्ष मुलींकडे, आणि हा बाजूला पडलेला. म्हणजे हिरो आणि व्हिलन एकाच घरातले, एकाच दिवसाचे! किंवा 'द टिक' (१९९४) मधला चेअरफेस चिपेंडेल, ज्याच्या मानेवर डोक्याऐवजी खुर्ची आहे. तो चंद्रावर आपलं नाव कोरायला घेतो. हिरो त्याला अडवतो खरा, पण इंग्रजीतली पहिली तीन अक्षरं कोरून झालेली असतात. पुढच्या एपिसोडांतही चंद्रावर ती खूण दिसत राहते. व्हिलन हरला, पण त्याची खूण राहिली.

हे सगळं अमेरिकेतून आलं असं आपण धरून चालतो. कनिष्कला बघून मला मात्र आधी संकासुर आठवला.

तुमच्या घरचं कुणी सिंधुदुर्गातलं किंवा पेडणे-सावंतवाडीकडचं असेल तर त्यांना विचारा. गावच्या देवळाची जत्रा, रात्री उशिरा दशावतार सुरू होतो. मुख्य आख्यानाच्या आधी आड-दशावतार असतो: गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, भटजी येतो, ब्रह्मदेव येतो. आणि मग येतो संकासुर. अंगभर काळा वेश, तोंडावरून काळं फडकं, त्यातून लोंबणारी लाल जीभ. गोष्टीत तो वेद चोरणारा राक्षस, शंखासुर, ज्याच्यासाठी विष्णूला मत्स्यावतार घ्यावा लागला. म्हणजे चोरी साधीसुधी नाही, ज्ञानच पळवलेलं आहे. पण रंगमंचावर हा गृहस्थ मालवणीत बोलतो, नाईकाशी हुज्जत घालतो, गावातल्या सरपंचापासून पेट्रोलच्या भावापर्यंत सगळ्यांची टर उडवतो. देव-देवता येतात, नाचतात, आशीर्वाद देऊन जातात. लोक पुढे सरकून बसतात ते संकासुरासाठी. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो. पुढच्या जत्रेला, पुढच्या गावात, तो पुन्हा उभा.

रत्नागिरीकडे तो शिमग्यात भेटतो. नमन-खेळे निघतात त्यात काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं त्याला चिडवतात, तो त्यांच्यामागे धावतो, पोरं किंचाळत पळतात आणि पुन्हा चिडवायला येतात. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगायला त्यांच्याकडे गोष्ट असते ती देवाची नाही, संकासुर किती जवळ आला होता त्याची.

दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात हे इथे महत्त्वाचं. आख्यान ठरलेलं, पखवाज आणि पेटी साथीला, बाकी सगळं नटानं तिथल्या तिथे बोलायचं. विष्णू काय बोलणार हे ठरल्यासारखंच असतं. त्याला जगाचं रक्षण करायचंय, त्यात थट्टेला जागा कमी. मोकळीक मिळते ती व्हिलनला. गावातल्या मोठ्या माणसाला तोंडावर बोलायची सोय दुसऱ्या कुणाला नाही, राक्षसाला आहे, कारण तो काय, राक्षसच! आणि पाच मिनिटांत मरणारही आहे. गावानं स्वतःला चार गोष्टी सुनावून घेण्यासाठी ठेवलेलं हे पात्र आहे, असं मला वाटतं. असं पात्र कायमचं मारून कसं चालेल?

आता जरा बरक्यात येऊ, कारण माझं सध्याचं काम ओमानच्या बातिना किनाऱ्यावर आहे आणि हे मी तिथेच बसून लिहितेय. (नाव उच्चारलं की मला दर वेळी कीर्तनकारांचं 'बरं का' ऐकू येतं, त्याला इलाज नाही.) मस्कतहून सोहारकडे जाताना हे गाव लागतं. समुद्राजवळ एक किल्ला आहे. त्या किल्ल्याची जी गोष्ट सांगतात, त्यात व्हिलन मरतो तो एकदाच आणि कायमचा.

अठराव्या शतकात ओमानमध्ये इमामपदावरून यादवी चालू होती. त्यात एका इमामानं, सैफ बिन सुलताननं, मदतीसाठी इराणच्या नादिरशाहाचं सैन्य बोलावलं. साल १७३७. हाच तो नादिरशाह, ज्यानं १७३९ मध्ये दिल्ली लुटली. त्याच वर्षी चिमाजी अप्पानं पोर्तुगिजांकडून वसई घेतली, म्हणजे आपल्या माणसांचं लक्ष कुठे होतं ते लक्षात येईल. मदतीला आलेलं सैन्य परत जाईना. सोहारचा वाली अहमद बिन सईद यानं महिनोन्‌महिने वेढा सोसला, मग इराणी सरदारांशी तडजोड केली, आणि पुढे त्यांना बरक्याच्या किल्ल्यात मेजवानीला बोलावलं. पानं वाढली गेली. मग दवंडी पिटली गेली, की इराण्यांवर ज्याचा कुणाचा राग असेल त्यानं आत्ता काढून घ्यावा. पाहुणे जेवता जेवता कापले गेले. अहमद बिन सईद पुढे इमाम झाला. ओमानवर आजही त्याच्याच घराण्याचं, आल बुसईदांचं, राज्य आहे.

ही हकीगत आपल्यापर्यंत पोचते ती मुख्यतः इब्न रुझैक या एकोणिसाव्या शतकातल्या ओमानी इतिहासकाराकडून, आणि तो याच घराण्याच्या राज्यात लिहीत होता. तेव्हा अहमद हिरो असणार हे उघड आहे. बंदर अब्बासला कुणी हीच गोष्ट लिहिली असती, तर पंगतीत बोलावून मारणाऱ्याला त्यानं काय म्हटलं असतं?

तुम्हाला प्रतापगड आठवला असेल. आठवणारच. भेट, शामियाना, दोन्ही बाजूंचे वकील, १६५९ सालचा मार्गशीर्ष. दोन प्रसंग एकसारखे नाहीत. प्रतापगडावर समोरचा माणूस स्वतः सैन्य घेऊन चालून आला होता, आणि तो दगा करणार अशी शंका आधीपासून होती. पण घाट तोच आहे: एक दिवस, एक भेट, एक मृत्यू, आणि त्या दिवसानंतर राज्य उभं राहतं. पोवाड्याला, चित्राला, शाळेच्या नाटकाला असाच घाट लागतो.

बरक्यातल्या एका मराठी घरी मी अधूनमधून जेवायला जाते. तिथल्या आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या आजीनं व्हिडिओ कॉलवर अफझलखानाची गोष्ट सांगितली. वाघनखांपाशी त्याचे डोळे मोठे झाले. गोष्ट संपल्यावर त्यानं विचारलं, "आजी, मग तो परत कधी येतो?" आजी म्हणाली, "अरे, मेला ना तो!" पोराला पटलं नाही. त्याच्या ओळखीचे सगळे व्हिलन बुधवारी परत येतात.

मला तो प्रश्न बावळट वाटला नाही. पंगतीच्या गोष्टीतला व्हिलन मरतो, पण त्याची माणसं कुठे जात नाहीत. बातिना किनाऱ्यावर आजही बलुची आहेत, मूळ इराणातून आलेली अजम घराणी आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचे ओमानी, दुकानं, बोटी, सरकारी नोकऱ्या सगळं असलेले. अशाच एका घरातली माझी एक सहकारी सांगत होती, की बरक्याच्या मेजवानीची गोष्ट वर्गात निघाली की दोन-चार माना तिच्याकडे वळायच्या. आपल्याकडे कुठल्या गोष्टीला कुणाकडे माना वळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. व्हिलन नावाचा एक माणूस असतो तोवर ठीक. तो मेल्यावर ते नाव रिकामं राहत नाही, शेजारच्या कुणाला तरी चिकटतं.

विनोदी व्हिलनचं तसं होत नाही, कारण तो स्वतःच रोज हजर असतो आणि त्याचं नाव दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही. कनिष्कला बघून कुठल्या मुलाला अख्ख्या मथुरेचा राग आलेला नाही.

इथे मी थोडी घाईनं विनोदाची बाजू घेतेय, हे मान्य. विनोदाचेही आपले घोटाळे असतात. 'छोटा भीम' बघा. २००८ मध्ये पोगोवर आला, हैदराबादच्या ग्रीन गोल्डनं काढला, आणि तुमच्यातल्या कित्येकांचं हिंदी त्याच्यावर पोसलं गेलं. त्यात भीमाचा प्रतिस्पर्धी कालिया. दांडगट, खादाड, ढोलू-भोलूला घेऊन फिरणारा. तसा तो वाईट नाही. ढोलकपूरवर खरं संकट आलं की तोही भीमाच्याच टोळीत असतो, आणि मला ते फार आवडतं. पण नाव कालिया, म्हणजे सरळ काळ्या. गंमत म्हणजे 'कृष्ण' या शब्दाचाही अर्थ काळाच. देव झाला की त्याला निळा रंगवतात, दांडगट पोरगा झाला की कालिया म्हणतात. ही खोड कार्टूननं शोधलेली नाही. 'अमर चित्र कथा' १९६७ पासून निघतात. त्यातले गोरे देव आणि काळे असुर यांवर अभ्यासकांनी भरपूर लिहिलंय, आणि त्यातली पुष्कळ चित्रं राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा आपल्याच चित्रकारांनी काढलेली आहेत. संकासुराचा काळा वेशही या हिशेबातून सुटत नाही. फरक एवढाच, की वेशाच्या आत गावातलाच माणूस असतो आणि ते सगळ्यांना माहीत असतं. पडद्यावरच्या कालियाला तशी ओळख नाही.

मोठ्यांच्या सिनेमातही हेच बघायला मिळतं. २०११ चा 'सिंघम' आठवा. बाजीराव सिंघम डरकाळ्या फोडतो, गाड्या उडवतो. आणि लोकांच्या मोबाइलवर आजही फिरतो कोण? गोव्याचा जयकांत शिक्रे, प्रकाश राजनं केलेला. चिडतो, घाबरतो, स्वतःचीच फजिती करून घेतो. पुढे २०१८ मध्ये त्याच सिंघमचं 'लिटल सिंघम' हे कार्टून आलं, डिस्कव्हरी किड्सवर. छोटा पोलीस, सिंहाची ताकद, समोर महाशक्तिमान राक्षस. मुलांना आवडतं, माझं काही म्हणणं नाही. पण त्यात मला शिक्रे सापडला नाही. जग गिळायला निघालेल्या राक्षसाशी कसली आलीय थट्टा! कनिष्कचं बरं होतं, त्याला फक्त एका पोराचा सूड हवा होता आणि तोही जमत नव्हता.

बरक्याची अजून एक ओळख आहे. हिवाळ्यात इथे बैलांच्या झुंजी लागतात. स्पेनसारखा तलवार घेतलेला माणूस नाही, रक्त नाही. दोन बैल डोक्याला डोकं लावून रेटतात, एक माघार घेतो की झालं. मालक दोर ओढत त्याला घरी नेतो. प्रेक्षकांत अरब, बलुची, आपले केरळी आणि मधेच एखादा कोल्हापूरचा, ज्याला प्रत्येक बैलाबद्दल मत असतं.

तर एक काम सांगते. दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात असं वर म्हटलं, म्हणजे संकासुर कुठल्या जत्रेत कुणाला काय बोलला हे कुठेही नोंदलेलं नाही. ते फक्त ऐकणाऱ्यांच्या डोक्यात आहे. तुमच्या आजी-आजोबांपैकी, मामा-काकांपैकी कुणी कोकणातलं असेल, तर पुढच्या फोनला एवढंच विचारा: तुम्ही पाहिलेला संकासुर काय बोलला होता, आणि कुणाला? मालवणीत सांगितलं तर मालवणीतच रेकॉर्ड करा. अर्थ कळला नाही तरी चालेल. ते हसत असतील तिथे मध्ये बोलू नका.