'बॉम्बे' रक्तगट आणि डॉ. वाय. एम. भेंडे

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात शल्यविशारदांची नावे समाजाच्या ओठांवर असतात. शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे रुग्णाचे आप्त त्यांचे पाय धरतात. परंतु त्या शस्त्रक्रियेसाठी चढविलेली रक्ताची बाटली रुग्णाला मानवेल की त्याच्या जिवावर उठेल, याचा निर्णय तळमजल्यावरील प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकलेला विकृतिशास्त्रज्ञ देत असतो. रुग्ण त्याला पाहत नाही आणि बहुधा त्याचे नावही त्याला कळत नाही. अशा अप्रसिद्ध राहणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एकाने मुंबई नगरीचे नाव जगातील प्रत्येक रक्तपेढीत कायमचे कोरून ठेवले. ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. वाय. एम. भेंडे.

या कार्याची थोरवी समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एका माणसाचे रक्त दुसऱ्यास देण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकापासून होत होते. काही रुग्ण वाचत, काही तत्काळ दगावत. कारण मात्र कोणासही उमगत नव्हते. 1901 साली व्हिएन्ना येथील डॉ. कार्ल लँडस्टायनर यांनी माणसामाणसांचे रक्त मुळातच भिन्न असते, हे सिद्ध केले आणि आज आपण ज्यांना 'ए', 'बी' व 'ओ' म्हणतो ते गट दाखविले. पुढील वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एबी' या चौथ्या गटाची भर घातली. या शोधासाठी लँडस्टायनर यांना 1930 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1937 साली शिकागो येथे डॉ. बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठविण्याची व्यवस्था उभारून तिला 'ब्लड बँक' हे नाव दिले. रक्ताचे सारे कोडे सुटले, असे तेव्हा अनेकांना वाटले असल्यास नवल नाही.

या समजाला धक्का बसला तो मुंबईत. परळ येथील के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय या जोडसंस्था 1926 पासून गोरगरिबांच्या सेवेत आहेत. डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे दोन विलक्षण रुग्ण आले. एक रेल्वे अपघातात जखमी झालेला, तर दुसरा चाकूच्या वाराने घायाळ झालेला. दोघांनाही रक्ताची निकड होती. चाचणीत त्यांच्या रक्तपेशींवर 'ए' नाही, 'बी' नाही. म्हणजे गट 'ओ' ठरावयास हवा. परंतु 'ओ' गटाचे रक्त त्यांच्या रक्तद्रवात मिसळताच त्याच्याही गुठळ्या झाल्या. दीडशेहून अधिक दात्यांचे रक्त पडताळून पाहिले, तरी कोणाचेही जुळेना. अखेर मुंबईतील एका रहिवाशाचे रक्त जुळले.

येथे एखाद्या सामान्य माणसाने चाचणीत काही चूक झाली असावी, असे म्हणून नोंदवही मिटली असती. डॉ. भेंडे यांनी तसे केले नाही. जे आकलनात बसत नाही ते खोटे मानण्याऐवजी आपले आकलनच अपुरे आहे काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया हे त्यांचे सहकारी होते. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रॉबर्ट रेस, रूथ सँगर, वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स या मान्यवर संशोधकांचे सहकार्यही त्यांना लाभले. या सात जणांचा निबंध 'लॅन्सेट' या जगद्विख्यात नियतकालिकात 1952 च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. जेमतेम दोन पानांचा तो निबंध! परंतु त्यातून जगाला 'बॉम्बे' रक्तगटाची ओळख झाली.

हा गट वेगळा कशामुळे ठरतो? तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर 'एच' नावाचा एक मूळ पदार्थ असतो. त्यावर एक शर्करा जोडली गेली की 'ए' आणि दुसरी जोडली गेली की 'बी' तयार होतो. काहीच जोडले गेले नाही तर नुसता 'एच' उरतो. तोच 'ओ' गट होय. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत हा 'एच'च निर्माण होत नाही. जेथे पायाच नाही तेथे मजले कसे चढणार? अशा व्यक्तीच्या रक्तद्रवात 'ए' आणि 'बी' यांच्याबरोबर 'एच'विरुद्धही प्रतिपिंडे असतात. म्हणून ज्या 'ओ' गटाला सर्वांचा दाता मानतात, तोच या रुग्णांना सर्वांत घातक ठरतो.

धोका असा की केवळ पेशी तपासल्या तर हा गट 'ओ'सारखाच दिसतो. रोजमेळ आणि खतावणी यांचा ताळा जमल्याशिवाय हिशेब खरा मानू नये, हा नियम येथेही लागू पडतो. पेशींबरोबर रक्तद्रवाचीही उलट तपासणी केली आणि दात्याचे व रुग्णाचे रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहिले, तरच चूक उघडकीस येते. तो ताळा टाळणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे होय.

पुढील संशोधनाने या शोधाचा अर्थ अधिक उलगडला. 1955 साली अमेरिकेत डॉ. फिलिप लेव्हिन यांनी अभ्यासलेल्या एका कुटुंबात 'ओ' भासणाऱ्या मातेकडून मुलीला 'बी' गुण मिळाल्याचे दिसले. म्हणजे आईत तो गुण होता, पण दडलेला होता. 1962 साली डॉ. भाटिया व डॉ. एल. डी. संघवी यांनी या गटाचा जवळच्या नात्यातील विवाहांशी असलेला संबंध मांडला. दोन्ही पालकांकडून हा दोष आला तरच अपत्यात तो प्रकटतो, हे त्यामागील कारण. 1994 साली त्यास जबाबदार असलेल्या जनुकातील बिघाडही स्पष्ट झाला. भारतात सुमारे दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची आढळते. युरोपात हे प्रमाण दहा लाखांत एक इतके अल्प मानले जाते.

मुंबईतील हे कार्य एका निबंधाने थांबले नाही. 1957 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन केले. डॉ. भाटिया यांच्या परिश्रमाने ते नावारूपास आले आणि तेच आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था म्हणून के. ई. एम.च्या आवारात कार्यरत आहे. डॉ. भेंडे यांनी डॉ. देवधरे यांच्यासह लिहिलेले विकृतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासले.

या शोधाला एक सामाजिक बाजूही आहे. एके काळी आपल्याकडे रक्त विकत मिळत असे आणि गरजू माणसे पोटासाठी ते विकत असत. मुंबईत श्रीमती लीला मूळगावकर यांनी 1954 पासून ऐच्छिक रक्तदानाची चळवळ चालविली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निर्णयानंतर 1 जानेवारी 1998 पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. परंतु बॉम्बे गटाच्या रुग्णाला पैशाचा उपयोग पूर्वीही फारसा नव्हता. कितीही धन असले तरी त्याला हवा असतो तो आपल्यासारखाच एक दुर्मिळ बांधव, आणि त्या बांधवाच्या मनातील करुणा. 2016 साली ढाका येथील एका अपघातग्रस्त तरुणाला या रक्ताची गरज पडली, तेव्हा मुंबईच्या दात्यांनी दिलेल्या चार पिशव्या सीमा ओलांडून तेथे पोहोचल्या. देश, धर्म, भाषा यांपैकी काहीही त्या चार पिशव्यांच्या आड आले नाही.

1995 साली बॉम्बेचे मुंबई झाले. रक्तगटाचे नाव मात्र जगभर 'बॉम्बे'च राहिले. लँडस्टायनर यांचा जन्मदिन 14 जून हा जागतिक रक्तदाता दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी रक्तदान करणाऱ्या प्रत्येकाने परळच्या त्या प्रयोगशाळेचेही क्षणभर स्मरण करावे. न जुळणाऱ्या एका हिशेबाकडे तेथे कोणी दुर्लक्ष केले नाही, म्हणूनच आज अनेकांचे प्राण वाचत आहेत. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!